वीणेचा पहारा

त्या श्रावणात जळकोटमधले बहुतेक पुरुष निजामाची हद्द ओलांडून सोलापूरकडच्या कॅम्पात, त्याच्याविरुद्ध लढायला गेले होते. माझे अप्पा, सोमलिंग, त्यांच्यातच होते. आमच्या लिंगायत मठातला शिवनाम सप्ताह मात्र मोडायचा नव्हता. सप्ताहात वीणा अखंड वाजते. ती खाली ठेवायची नाही, थांबवायची नाही. वीणेकरी गावात उरले नव्हते. तेव्हा मठातले जुने, थकलेले वीणेकरी बंडप्पाआज्जा म्हणाले, "बाया हायेत की. लिंग त्यांच्याबी गळ्यात हाय."

आज्जांची स्वतःची बोटं वातानं वाकडी झाली होती, जीभ मात्र शाबूत; ते तोंडानं सांगून आम्हा बायांना शिकवू लागले. अव्वाचा, म्हणजे आईचा, हात त्यांना लगेच पटला. मी भरभर वाजवायची आणि थोड्याच वेळात माझं मनगट आखडायचं.

"खांदा कशाला वर काढलास, चन्नम्मा? जात्यावर बसलीस व्हय?"

"आज्जा, जलद वाजवायला जोर नको?"

"जोर न्हाय लागत. बोट टेकव अन् सोड. जलद पायजे तर बोट कमी हालव. ओरबाडतीस काय, तार हाय का गवत?"

मी घरी बाजेच्या दोरीवर बोट चालवायची. तरी आज्जांनी मला पहारा, म्हणजे वीणा धरायची पाळी, दिली नाही. "हिच्या हातात वीणा बंद पडंल," असं ते अव्वाला म्हणाले.

सप्ताह सरत आला होता. एका दुपारी अव्वा वीणा घेऊन उभी असताना कॅम्पातून माणूस आला. हद्दीवर गोळी लागून अप्पा गेले, असं त्यानं दाराशी आज्जांना सांगितलं. अव्वानं ते ऐकलं. आम्हा लिंगायतांत सुतक नसतं, त्यामुळं तिला कुणी बाजूला केलं नाही. वीणा घ्यायलाही कुणी नव्हतं; पुढच्या पहाऱ्याची रुद्रम्मा शेतात होती. अव्वाचं बोट चालत राहिलं. डोळे कोरडे होते.

मी पुढं झाले. आज्जांनी मला अडवलं नाही. अव्वाच्या बोटाशेजारी मी तारेवर बोट ठेवलं, तिच्याबरोबर वाजवू लागले, मग तिनं आपलं बोट काढून घेतलं. वीणेची दोरी तिच्या गळ्यातून माझ्या गळ्यात आली. अव्वा खांबाशी जाऊन बसली आणि तेव्हा रडली.

मलाही रडू येत होतं. पण रडताना खांदा वर येतो. मी तो खाली सोडला. बोट टेकवलं, सोडलं.

रुद्रम्मा आली तेव्हा दिवेलागण झाली होती.

"दे आता तिला," आज्जा म्हणाले.

"अव्वाचं रडून झालं का?"

त्यांनी खांबाकडं पाहिलं. "न्हाय अजून."

मी वाजवत राहिले.