छपराचं पाकीट

टेबलावर अकरा पाकिटं होती. दहा पातळ, एक फुगलेलं. पातळ पाकिटांवर काकूच्या ठसठशीत अक्षरात किराणा, वीज, पाणी, गॅस, औषधं, प्रवास, चपला, पाहुणे, दोरे-सुया आणि 'अचानक' असं लिहिलेलं होतं. फुगलेल्यावर एकच शब्द होता: छप्पर.

"दार लाव," काकू म्हणाली. "आणि तू मोज."

घड्याळात साडेपाच झाले होते. दुकान सातला बंद होणार होतं आणि कानाचं यंत्र अठरा हजार पाचशेला मिळण्याचा आजचा शेवटचा दिवस होता. उद्यापासून तेच चोवीस हजारांना.

काकू तयार कपड्यांच्या दुकानात कपडे मापाचे करून द्यायची. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर आत घेणं अशी कामं. पैसे रोजचे रोज मिळत आणि संध्याकाळी हात धुतले की ती ते पाकिटांत वाटायची. एका पाकिटातलं दुसऱ्यात जायचं नाही, हा नियम. छपराच्या पाकिटाला आणखी एक नियम होता: टाकायचे, वरती आकडा लिहायचा, उघडून मोजायचे नाहीत. "मोजले की हात शिवशिवतात," ती म्हणायची.

पाकिटावरचा शेवटचा आकडा सोळा हजार आठशे ऐंशी होता. चौदा महिन्यांची बचत.

"सोळाशे वीस कमी पडतायत," मी म्हणाले.

"माहितेय गं. दुकानवालीच्या हातापाया पडते. ऐकेल."

"किराण्यातून घेऊ या ना."

"मग महिनाभर काय, यंत्र खायचं?"

मी नोटा ओतल्या आणि गठ्ठे लावायला घेतले. काकूच्या नोटा सपाट होत्या. चुरगळलेलं कापड आणि चुरगळलेली नोट तिला सारखीच खुपायची. पण मधेमधे चार घड्या घातलेल्या, जाड चौकोनी नोटा निघायला लागल्या. त्या मी बाजूला काढल्या. अठरा निघाल्या. सतरा शंभराच्या, एक पन्नासची.

बेरीज केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा उलट्या क्रमाने केली.

"काकू, अठरा हजार सहाशे तीस आहेत."

"नीट मोज, बाई! शिकलीस कशाला मग?"

"तीनदा मोजले. सतराशे पन्नास जास्त आहेत."

काकूने एक चौकोनी नोट उचलली, उलगडली, पुन्हा मिटली. अशा घड्या फक्त एका खिशात पडत. ती उठली, दार उघडलं आणि ओसरीकडे बघून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अहो! आत या!"

काका तीस वर्षं खिळ्यांच्या कारखान्यात यंत्रावर होते. कानांचं जे व्हायचं ते झालं होतं. कानाच्या यंत्राला त्यांनी दोनदा साफ नकार दिला होता. "कानात खुंटी घालून फिरू?" म्हणून तर पाकिटावर छप्पर.

ते आत आले. टेबलावरच्या नोटा बघून त्यांचा चेहरा खुलला. "झाले का पुरेसे? पत्रे आणू या?"

"हे तुम्ही टाकलेत?"

"आँ?"

"तुम्ही टाकलेत का!"

"हो मग. रोजचे चहाचे दहा. पन्नास-शंभर जमले की वाण्याकडून नोट करून घ्यायचो. घर माझंही आहे."

"छप्पर नाही हो! कानाचे आहेत ते, तुमच्या कानाचे!"

भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "घ्या हो घ्या! आम्हालाही जरा झोप लागेल!"

काकांना ते ऐकू गेलं नाही. ते वर, छताकडे बघत होते. "म्हणजे गळत नाही?"

"चौदा महिन्यांत एक थेंब तरी पडला का?"

"मला वाटलं, पडत असेल. मला कुठे आवाज येतो?"

मी हसू दाबलं. काकूने दाबलं नाही. मग तिने डोळे पुसले आणि ओरडून विचारलं, "आणि चहा का सोडलात?"

काका खुर्चीवर बसले. सतराशे पन्नास भागिले दहा, एकशे पंच्याहत्तर दिवस. इतके दिवस ते चार वाजता बाहेर पडत होते आणि वेळेवर परत येत होते.

"टपरीवर सगळे हसले की मी पण हसायचो," ते म्हणाले. "एकदा त्या रंगाऱ्याची आई गेली. तो तेच सांगत होता. मी हसलो. तेव्हापासून एक फेरी मारतो नि येतो."

काकू दाराकडे गेली. त्यांच्या चपला आणून त्यांच्या पायांपुढे ठेवल्या. काकांनी त्यांत पाय घातले.

मग मात्र एकच धांदल उडाली. रिक्षा करायची तरी काकूने आधी प्रवासाचं पाकीट शोधलं. "काकू, सहा वाजले!" "वाजू देत. घाई आहे म्हणून पाकीट बदलत नाही." रिक्षात ती पिशवी पोटाशी धरून बसली होती आणि प्रत्येक लाल दिव्याला शिव्या घालत होती. सहा चाळीसला आम्ही दुकानात होतो. दुकानातल्या मुलीने पैसे मोजले, एकशे तीस परत दिले आणि काकांच्या कानात यंत्र बसवलं.

"काकू, आता नेहमीच्या आवाजात बोला," मुलगी म्हणाली.

"अहो! ऐकू येतंय का!"

काका खुर्चीतून उडाले. "अगं, मारतेस का!"

"हाच माझा नेहमीचा आवाज," काकू मुलीला म्हणाली. तिने आवाज उतरवला. काकांनी मान हलवली. ती दोन पावलं मागे सरली, आणखी हळू बोलली. "ऐकलं," काका म्हणाले. "पुढे बोल." ती हसत हसत मागे जात राहिली, पाठ दाराला टेकेपर्यंत. तिथून तिने ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं. मी तिच्या शेजारी उभी होते, मला एक शब्दही कळला नाही.

काका कानशिलांपर्यंत लाल झाले. "इथे? लोकांसमोर?"

काकूच्या गळ्यात कामावरची दीडशे सेंटिमीटरची टेप तशीच होती. मी ती काढून घेतली आणि दारापासून खुर्चीपर्यंत फरशीवर धरत गेले. दोन वेळा पूर्ण, वर एकशे वीस. चार मीटर वीस सेंटिमीटर.