मंद्रूपच्या हळदीतला तिसरा आवाज

"हा प्लग काढा की ताई," गुरुशांत म्हणाला. "कूलरला जागा पायजे. तुमच्या मशीनला लॅपटॉपातनं करंट जातोयच की."

"जातो, अण्णा. पण लॅपटॉपच बंद पडला तर?"

"कशाला पडतोय?"

दानेश्वरी हसली आणि प्लगवर हात ठेवून उभी राहिली. "कूलरला माझं दुसरं एक्स्टेन्शन घ्या. हा प्लग मात्र हलवायचा नाही."

गुरुशांत मंद्रूपचाच. मांडव, खुर्च्या, स्पीकर सगळं त्याचं, आणि वीस वर्षं गावातल्या प्रत्येक लग्नात तो होता. सोलापुरातून एक मुलगी गाणी मिसळायचं मशीन, तो कंट्रोलर, स्कूटीवर बांधून हळदीला गाणी वाजवायला येते आणि आल्या आल्या प्लगवरून अडून बसते, हे त्याला फारसं आवडलं नव्हतं. तरी त्याने एक्स्टेन्शन घेतलं आणि पुटपुटत कूलरकडे गेला.

दानेश्वरी जुळे सोलापूरला राहायची. आठवडाभर एका शाळेत संगणक शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी डीजे म्हणून कार्यक्रम घ्यायची. प्लगचा तिचा हट्ट उगाच नव्हता. मागच्या डिसेंबरात एका साखरपुड्यात नवरी दारात पोचली आणि त्याच क्षणी लॅपटॉप आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. अकरा मिनिटं आवाज नव्हता. नवरी चपलांचा आवाज करत एकटीच स्टेजपर्यंत चालत गेली. नंतर दानेश्वरी माफी मागायला गेली तेव्हा ती मुलगी नुसतं "असू दे" म्हणाली. ते "असू दे" दानेश्वरीला शिवीपेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तिने घरी कंट्रोलर मांडला, मागच्या ऑक्सच्या, म्हणजे बाहेरचं गाणं आत घ्यायच्या, भोकात फोनची वायर घातली आणि गाणं चालू असतानाच लॅपटॉपची यूएसबी खेचली. कंट्रोलरचे सगळे दिवे गेले. फोनवर गाणं सुरू होतं, पण ते बाहेर काढणारी पेटीच मेली होती. मग तिने वेगळा अडॅप्टर आणला. आता यूएसबी खेचली तरी कंट्रोलर जिवंत राहायचा, आणि ऑक्सचा खटका फिरवला की फोनवरचं गाणं लॅपटॉपला न विचारता थेट स्पीकरवर यायचं. माइकचंही तसंच. सगळ्याच कंट्रोलरांत असं होत नाही, हे तिने पुस्तिका वाचून पक्कं केलं. तरीही वायर खेचून खेचून ती सवय करत राहिली. एकदा मध्येच आईचा फोन आला आणि तिची रिंगटोन घरभर दणाणली. तेव्हापासून कार्यक्रमाचा फोन फ्लाइट मोडवरच असायचा.

मंद्रूपला हळद सकाळी अकराला सुरू झाली. नवरी श्रीदेवी पाटावर बसली होती. मे महिना, वर पत्र्याचा मांडव, आणि कूलर गरम हवाच फिरवत होता. पण पोरी नाचत होत्या, नवरीचे मामा खांद्यावर टॉवेल टाकून मधोमध उतरले होते. दानेश्वरी एका गाण्यातून दुसऱ्यात अलगद जात होती. लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागलेला तिने ऐकला. तिने डाव्या हाताने फोनवरचं गाणं सुरू करून ठेवलं, आवाज शून्यावर.

पावणेबाराला लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

मांडवातला आवाज एकदम तुटला. मामांचा हात हवेतच राहिला. दानेश्वरीने खटका फिरवला, आवाजाचं बटण हळूहळू उजवीकडे नेलं, आणि दोन श्वासांत पुन्हा ठेका आला. मामांना वाटलं, मुद्दाम थांबवलं होतं. "हाऽऽ!" म्हणून ते दुप्पट जोराने नाचायला लागले.

गुरुशांत खुर्च्या ओलांडत धावत आला. काळा पडदा पाहिला, चालू स्पीकर पाहिले.

"लॅपटॉप तर गेलाय की!"

"गेला. उन्हानं."

"मग ह्ये वाजतंय कुटनं?"

तिने फोन दाखवला. गुरुशांतने वायर बघितली, वायरीमागे अडॅप्टर बघितला, आणि मग प्लगकडे बघितलं. मग तो तिथून हललाच नाही.

नवरीची आई जगदेवी लॅपटॉप आत न्यायला आली. "फ्रिजात ठेवू का गं?"

"नको, नको अक्का! फरशीवर ठेवा, पंख्याखाली. नुसता गार होऊ दे."

फोनवर तिने घरीच जोडून आणलेली पाऊण तासाची गाणी होती. पाऊण तास निश्चिंत, असं तिला वाटत होतं, तेवढ्यात नवरदेवाकडची हळद आली. पाच बायका, डोक्यावर पदर, हातात ताट. नवरीची आत्या काशम्मा पुढे झाली आणि थेट दानेश्वरीच्या टेबलाशी आली.

"बाई, अरिशिणाचं, हळदीचं गाणं लाव. कन्नडमधलं. त्याच्याबिगर आमी हळद लावत न्हाय."

ते गाणं दानेश्वरीकडे होतं, पण लॅपटॉपात. फोनवर घ्यायचं तिला सुचलंच नव्हतं. नवरी पाटावरून तिच्याकडेच बघत होती.

"आत्या, तुम्हाला येतं का ते गाणं?"

"येतं का म्हंजी? माझ्या लग्नात म्हणलंय, हिच्या आईच्या लग्नात म्हणलंय."

दानेश्वरीने माइक तिच्या हातात दिला. "मग तुम्हीच म्हणा. आवाज मी सांभाळते."

काशम्मा माइककडे साप धरल्यासारखी बघत राहिली. मग तिने डोळे मिटले आणि सुरुवात केली. आवाज जाड होता, जरा फाटका, पण सूर ठाम. दानेश्वरीने फोनवर नुसत्या हलगीचा ठेका लावून खाली बारीक सोडला. जमेना. हलगी पुढे पळत होती आणि काशम्मा आपल्या चालीने संथ जात होती. लॅपटॉपावर ठेका हळू करता आला असता, ऑक्सवर ती सोय नव्हती. पहिल्या कडव्यानंतर काशम्मा अडखळली.

दानेश्वरीने ऑक्स सरळ शून्यावर नेला. माइकमधला खर्ज थोडा कमी केला, म्हणजे शब्द स्वच्छ येतील, आणि टेबलामागून बाहेर येऊन दोन्ही हात वर करून टाळी धरली, काशम्माच्या चालीला धरून. आधी एक पोरगी, मग सगळ्या. ताट घेतलेल्या बाईने ताटावर बांगड्या वाजवायला सुरुवात केली. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मांडवातल्या निम्म्या बायका काशम्माच्या मागोमाग म्हणत होत्या. बाहेर झाडाखाली बसलेली पुरुषमंडळीही आत आली. जगदेवीने पदराने डोळे टिपले आणि लेकीच्या गालाला हळद लावली.

सात कडवी झाली. लॅपटॉप एव्हाना गार होऊन टेबलावर परत आला होता, पण शेवटचं कडवं संपेपर्यंत दानेश्वरीने त्याला हात लावला नाही. मग तिने तो सुरू करून हळूच नाचाचं गाणं आत आणलं, आणि काशम्मा माइक हातात धरूनच नाचायला लागली.

"दानेश्वरी, ये की हितं!" श्रीदेवीने पाटावरून हाक मारली आणि ती जवळ येताच दोन्ही तळवे हळदीने माखून तिचे हात धरले. दानेश्वरीचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले. आता कंट्रोलरला हात लावणं शक्य नव्हतं.

"अण्णा!" तिने ओरडून सांगितलं. "पुढचं गाणं तयार आहे. मधली पट्टी हळूच उजवीकडं सरकवा."

"मी?"

"तुम्हीच. घाबरू नका, काही झालं तर ऑक्स आहे."

गुरुशांतने हात शर्टाला पुसले, टेबलामागे उभा राहिला आणि जिभेचं टोक दातात धरून पट्टी सरकवली. गाणं बदललं, ठेका तुटला नाही. मांडवातल्या कुणालाही काही कळलं नाही. तो एकटाच मान वर करून सगळ्यांकडे बघत हसत होता.