न दमणारं कासव

सभागृहात तीनशे माणसं होती आणि सगळीच्या सगळी एका केरसुणीसमोर हात जोडून बसली होती.

केरसुणी अर्थात आपोआप चालणारी. काळी, गोल, थाळीएवढी, चार बोटं उंचीची. मधली फरशी तिच्यासाठी मोकळी सोडली होती आणि तिच्यावरून ती गुरगुरत, भिंतीला धडकत, माफी मागितल्यासारखी मागे सरत फिरत होती. भक्तमंडळी तिला कासव म्हणत. एखाद्याच्या पायाला ते कासव लागलं, की तो माणूस शेजाऱ्याकडे असा बघे, जणू शेजाऱ्याचं काहीतरी राहूनच गेलं.

"काल सकाळी दहाला सुरू झालं ते संध्याकाळी सहाला थांबलं," शेजारी बसलेले शिंपीकाका घड्याळजींच्या कानात म्हणाले. "वायर नाही, प्लग नाही. आज परत दहापासून."

घड्याळजींनी मनगटाकडे पाहिलं. साडेअकराला एक मिनिट कमी होतं.

व्यासपीठावर ऊर्जागुरू बसले होते. पांढरे कपडे, कॉलरला छोटा माईक आणि विमानतळावरच्या घोषणेसारखा गुळगुळीत आवाज. "साधकहो, विश्वात विजेची टंचाई नाही. टंचाई आहे ती विश्वासाची. भिंतीतला प्लग म्हणजे काय? संशयाचं भोक. ज्याच्या मनात शंका, त्याची बॅटरी डाऊन."

तेवढ्यात कासवाची चाल मंदावली. ते वळलं, सरळ व्यासपीठाकडे गेलं आणि खालच्या लाल मखमली झालरीआड दिसेनासं झालं.

"प्राण घ्यायला आलंय," गुरुजी हात उंचावत म्हणाले. "सर्वांनी डोळे मिटा."

तीनशे जणांनी डोळे मिटले. घड्याळं दुरुस्त करताना घड्याळजींनी तीस वर्षं एका डोळ्याला भिंग लावून दुसरा मिटला होता. दोन्ही एकदम मिटायची त्यांना सवय नव्हती. त्यांना झालर हललेली दिसली. अर्ध्या मिनिटात कासव टवटवीत होऊन बाहेर आलं आणि झाडायला लागलं. सभागृहाने सुस्कारा सोडला.

पहिल्या रांगेत दादांनी डोळे पुसले. घड्याळजी इथे आले होते ते त्यांच्याचसाठी.

दादा म्हणजे घड्याळजींचे थोरले भाऊ. आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत, डाव्या खांद्याखाली, पेसमेकर बसवला होता. त्याची बॅटरी संपत आली होती. डॉक्टरांनी दोनदा तारीख दिली, दादांनी दोनदा पुढे ढकलली. तिसरी तारीख गुरुवारची होती. आज मंगळवार. आणि बुधवारी, शिबिराच्या शेवटच्या दिवशी, कासवाच्या चारच्या प्राणभारणानंतर गुरुजी स्वतः दादांच्या छातीवर हात ठेवणार होते. अट एकच. त्यानंतर बॅटरी बदलायची नाही. बदलली तर ऊर्जा उलटते.

"अरे, डोळ्यांनी बघितलंस ना?" जेवणाच्या सुट्टीत दादा म्हणाले. "पोरीने आपल्याला पाठवलंय ते यंत्र आणि हे यंत्र, कंपनी एक, मॉडेल एक. आपलं दीड तास चालतं आणि मग साडेचार तास चार्जरवर लोळत पडतं. गुरुजींचं दिवसभर चालतं. फरक कशाचा?"

"तेच शोधतोय."

"तू शोधतच राहा. शंकासूर म्हणतात ते उगीच नाही."

"दादा, तू तीस वर्षं बस चालवलीस. टाकी न भरता किती किलोमीटर गेलास?"

"म्हणूनच तर," दादा म्हणाले. "तीस वर्षं टाकीच भरली. एकदा तरी न भरता चालणारी गाडी बघायची होती." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "आणि तुला काय जातंय बोलायला? छाती तुझी नाही फाडायची."

वहिनींनी घड्याळजींकडे पाहिलं. त्या नजरेत गेल्या दोन महिन्यांची सगळी भांडणं होती. "भाऊजी, हे ऑपरेशनला घाबरतात हे मला कळतं," दादा हात धुवायला गेल्यावर त्या म्हणाल्या. "पण मी बोलले की मी अडाणी. तुम्ही बोललात की तुम्ही शंकासूर. मग बोलायचं कोणी?"

घड्याळजी दुपारभर बसून राहिले आणि वेळा टिपत राहिले. कासव एक वाजता झालरीखाली गेलं. अडीचला गेलं. चारला गेलं. मिनिटाचाही फरक नाही. दुकानात रोज दहा घड्याळं दुरुस्तीला येतात, त्यातलं एकही इतकं वक्तशीर नसतं. वैश्विक ऊर्जेला इतकी शिस्त असावी, हीच गोष्ट त्यांना खटकली.

सभागृहाबाहेर पायरीवर झाडूवाल्या मावशी चहा पीत बसल्या होत्या. तीन दिवस त्यांना सक्तीची सुट्टी होती.

"काय मावशी, कासवाने काम काढून घेतलं?"

"घेऊ दे की," मावशी म्हणाल्या. "पण एक सांगा, घड्याळवाले भाऊ. या सभागृहात रोज दोन सुपल्या धूळ निघते, तीही माणसं नसताना. आता तीनशे जण येतात-जातात. त्या यंत्राच्या पोटात साखरेच्या डब्याएवढी जागा. दिवसभरात तीनदा तरी रिकामं करायला नको? मी दोन दिवस दारात बसून बघतेय. एकदाही कुणी उघडलं नाही. धूळ जाते कुठे?"

मावशींनी पुढे केलेला चहा घड्याळजींच्या हातात निवला. सकाळपासून वेळ मोजली होती, धूळ मोजायचं त्यांना सुचलं नव्हतं.

संध्याकाळी ते दादांच्या घरी गेले. बैठकीच्या कोपऱ्यात घरचं कासव चार्जरवर बसून डोळा मिचकावत होतं. वहिनींनी कपाटातून त्याची पुस्तिका काढून दिली. पान चौदा: एका चार्जिंगमध्ये नव्वद मिनिटं. पूर्ण चार्ज व्हायला दोनशे सत्तर मिनिटं. घड्याळजींनी घड्याळाच्या पट्ट्याच्या रिकाम्या खोक्यावर आकडे मांडले. नव्वद आणि दोनशे सत्तर, म्हणजे तीनशे साठ. भागिले नव्वद.

उत्तर चार आलं. ते त्यांनी दोनदा तपासलं, कारण उत्तर मनासारखं आलं की ते स्वतःवरही संशय घेत.

"वहिनी, तुमच्याकडे नखांना लावायचा लाल रंग आहे का?"

"आहे. का? कोणाला लावायचाय?"

"कासवाला."

बुधवारी गर्दी दुप्पट होती. सव्वाअकराला फिरत फिरत कासव घड्याळजींच्या पायापाशी आलं. ते भक्तिभावाने वाकले, नमस्कार केला आणि उठताना कासवाच्या पाठीवर डाळीच्या दाण्याएवढा लाल ठिपका ठेवून आले. शिंपीकाका गहिवरले. "शेवटी वाकलातच," ते म्हणाले.

साडेअकराला कासव झालरीखाली गेलं. डोळे मिटले गेले, उघडले गेले. बाहेर आलेल्या कासवाच्या पाठीवर ठिपका नव्हता.

घड्याळजींनी एक चिठ्ठी चिकटवून दादांच्या खिशात घातली. "चार वाजता उघड. त्याआधी नाही."

"काय आहे?"

"भविष्य."

"तू कधीपासून सांगायला लागलास?"

"आजपासून. तुझ्या गुरुजींचं बघून."

अडीचचं प्राणभारण झालं आणि पाच मिनिटांत दाराकडे हालचाल झाली. मावशी आत आल्या. कोणी अडवायच्या आत त्यांनी फरशीवरचं कासव घागर उचलावी तसं उचललं, पाठीवरचं झाकण उघडलं आणि आतला डबा ओढून काढला.

"साडेचार तास झाडलंय ना यानं?" त्यांनी डबा पहिल्या रांगेपुढे धरला. "मग ही बघा धूळ."

तळाशी चिमूटभर धूळ होती आणि एक केस.

गुरुजींचा सेवक धावला, पण गुरुजींनी त्याला बोटाने थांबवलं. ते मंद हसले. "माउली, तुम्ही आयुष्यभर धूळ पाहिलीत. आज तिचं रूपांतर पाहा. धूळ म्हणजे पदार्थ. पदार्थ म्हणजे ऊर्जा. हे कासव धूळ साठवत नाही, ते धूळ जगतं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मावशी डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. "मग हा केस जगायचा राहिला वाटतं," त्या म्हणाल्या, पण टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी कासव खाली ठेवून बटण दाबलं आणि त्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. दादांनी मागे वळून धाकट्या भावाकडे पाहिलं. बस वेळेत पोचवल्यावर ते असेच बघत असावेत.

धुळीचा पुरावा इतक्या सहज पुसला जाईल असं घड्याळजींना वाटलं नव्हतं. आता उरला होता एक ठिपका आणि एक भागाकार. मधल्या वेळात कुणी झालर उचलून ठिपका पुसला असेल तर? एखादं यंत्र बिघडलं असेल तर? उद्या सकाळी साडेआठला दवाखान्यात पोचायचं होतं आणि दादांच्या पिशवीत आज सकाळी कपडे नव्हते, गुरुजींसाठी हार होता.

चारला दोन मिनिटं असताना गुरुजींनी दादांना व्यासपीठापुढच्या खुर्चीत बसवलं. सदऱ्याची वरची दोन बटणं उघडली होती. जुन्या टाक्यांची पांढरी रेघ दिसत होती. वहिनी पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या.

"भिऊ नका," गुरुजी म्हणाले. "कासवासोबत तुम्हीही भरून निघाल. डोळे मिटा."

कासव झालरीखाली गेलं. तीनशेच्या जागी सहाशे जणांनी डोळे मिटले.

"दादा," घड्याळजी उभे राहून म्हणाले, "तुझी चिठ्ठी."

"सत्संगात व्यत्यय नको," सेवक म्हणाला.

"व्यत्यय नाही. भविष्य आहे. इथे चालतं ना?"

दादांनी एक डोळा उघडला. झालर हलली आणि कासव बाहेर आलं. त्यांच्या चपलेला धडकून मागे सरलं. त्याच्या पाठीवर लाल ठिपका होता.

दादांनी चिठ्ठी फोडली. चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून, बसच्या पाटीवरचं नाव वाचावं तशी मोठ्याने वाचली. "'सव्वाअकराला मी कासवाला लाल ठिपका लावला. पुढच्या तीन खेपा तो दिसणार नाही. बरोबर चारला दिसेल, कारण त्याला चार्ज व्हायला साडेचार तास लागतात. दादा, व्यासपीठाखाली चार कासवं आहेत.'"

गुरुजी म्हणाले, "ठिपका हा प्रकृतीचा संकेत…"

दादा खुर्चीतून उठले. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं नाही, भावाकडेही नाही. तीस वर्षं बस आगारातून काढण्याआधी ते रोज जे करत आले होते, तेच त्यांनी केलं. गुडघे टेकले, एक हात फरशीवर ठेवला, झालर वर केली आणि गाडीखाली बघावं तसं आत वाकून पाहिलं.

"हं," आतून आवाज आला.

मग त्यांनी झालर ओढली. ती नाड्यांनी बांधलेली होती, टराटर सुटली. माईकच्या वायरींआड चार चार्जर ओळीने मांडले होते. तीन चार्जरवर तीन काळी कासवं बसली होती आणि तिघंही डोळा मिचकावत होती. चौथा चार्जर रिकामा होता. त्याचा धनी फरशीवर झाडत होता, पाठीवर वहिनींचा रंग घेऊन.

"चाललंय ते फोनवर लावलेल्या वेळेनुसार," घड्याळजी म्हणाले. त्यांना भाषणाची सवय नव्हती, म्हणून ते घड्याळ परत देताना गिऱ्हाइकाला समजावतात तसं बोलले. "एक दमून आत येतं, दुसरं ताजं होऊन बाहेर जातं. एकेकाला दीड तास काम, साडेचार तास चार्जिंग. म्हणून चार लागतात, तीन पुरत नाहीत. हे पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर लिहिलंय. आणि मावशींचं बरोबर होतं. एका पोटात धूळ मावली नसती. ती चार पोटांत वाटली गेली. आपण डोळे मिटले नसते, तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं. डोळे मिटा असं कोणी सांगितलं, की एक उघडा ठेवत जा. त्याने श्रद्धेचं काही बिघडत नाही. श्रद्धा खरी असेल तर ती बघितल्याने मरत नाही."

शिंपीकाका चारही कासवं पुन्हा पुन्हा मोजत होते. मागून कोणीतरी म्हणालं, "पण चार असली तरी गुरुजींमध्ये काहीतरी आहे बरं का." अशी माणसं प्रत्येक सभागृहात असतात. त्यांच्यासाठी हिशेब दुसऱ्यांदा मांडावा लागतो, तिसऱ्यांदाही. गुरुजी तोपर्यंत मागच्या दाराने बाहेर पडले होते. कॉलरचा माईक काढायला विसरल्यामुळे त्यांचा गाडी काढायला सांगणारा आवाज सहाशे जणांनी ऐकला. त्यात घोषणेचा गुळगुळीतपणा नव्हता.

मावशींनी सुपली आणि झाडू आणला. "सरका," त्या म्हणाल्या. "तीन दिवसांचं साचलंय."

दादा सदऱ्याची बटणं लावत होते. एक बटण काही केल्या लागेना. वहिनींनी ते लावून दिलं.

"उद्या किती वाजता?" दादांनी विचारलं.

"साडेआठ. उपाशीपोटी."

"भीती वाटते गं."

"वाटू दे," वहिनी म्हणाल्या. "मीपण येते."

ऑपरेशन छोटंसंच होतं. शनिवारी दादा घरी आले आणि रविवारी त्यांना बघायला शेजारी आले. कोपऱ्यात घरचं कासव चार्जरवर बसलेलं होतं. शेजारी म्हणाले, "काय हो, तुमचं हे यंत्र सारखं झोपलेलंच दिसतं. काही इलाज नाही का?"

"नाही," दादा म्हणाले. त्यांचा हात छातीवरच्या नव्या पट्टीकडे गेला. "दीड तास काम, मग साडेचार तास झोप. आणि बॅटरी संपली की बदलायची. तुमच्याकडे यापेक्षा लवकर भरून देणारा कोणी आला, तर मला बोलवा. मी येऊन खाली वाकून बघेन."