रविवारचं ताट

माझ्या मावसबहिणीला घरी सगळे चिमणी म्हणतात. शिकायला आम्ही दोघी एकत्रच परदेशी आलो, एकाच खोलीत राहिलो. महिना झाला नाही तोच ही चिमणी सकाळी थंडगार दूध आणि दुपारी पावात कोंबलेला पाला खायला लागली. वर्गातल्या पोरींच्या टेबलावर तिची खुर्ची पक्की झाली. मी डबा उघडला की कोणीतरी खिडकी उघडायला उठायचं, म्हणून मी जिन्याच्या पायरीवर जेवायचे. जळत नव्हते असं खोटं लिहिणार नाही. जळत होते.

त्या खुर्चीचं एक वेळ चाललं असतं. पण रविवारी दुपारी मावशीचा व्हिडिओ कॉल यायचा आणि तिची पहिली मागणी ठरलेली, ताट दाखव. चिमणी खुशाल माझं ताट ओढून पुढे धरायची. माझा भात, माझी डाळ, मी डोळे पुसत चिरलेला कांदा. मावशी गहिवरायची. कॉल संपला की ताट माझ्यापुढे सरकवून ही मैत्रिणींबरोबर खायला बाहेर पळायची. तासाभरात माझ्या आईचा फोन. मावशीने तिला रंगवून सांगितलेलं असायचं, चिमणी काय रांधते, मला कशी बसवून वाढते. बहिणीकडून शिक काहीतरी, आई म्हणायची. ते मी केलेलं असतं, असं एकदा सांगितलं, तर म्हणाली, तुला कोणाचं चांगलं बघवत नाही.

पुढच्या रविवारी मी ताट मांडीवर घेऊन बसले. फोन वाजायला लागला. चिमणीने हात पुढे केला.

"तुझं आहे ते दाखव," मी म्हटलं.

तिने पाव दाखवला. आता मावशी हिची चांगली खरडपट्टी काढणार म्हणून मी कान टवकारले. मावशी चक्क हसली. तिकडच्या खाण्याची सवय लागली ते बरं झालं बाई, म्हणाली, माझ्या जिवाचा घोर गेला. मग तिला मागे बसलेली मी दिसले.

"आणि तू अजून रांधतच बसतेस का गं? अभ्यास कधी करतेस?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली.

फोन ठेवल्यावर चिमणी बाहेर गेली नाही. पाव बाजूला सारून माझ्या ताटाकडे बघत राहिली.

"दोन घास दे ना गं. तीन महिने नुसतं दाखवतेय. त्या पोरींना वास चालत नाही म्हणून तोंडाला लावलं नाही."

डोळ्यांत पाणी होतं तिच्या. खरं होतं, मला कळत होतं. पण टेबल तिचं, मावशी तिची, माझी आईसुद्धा तिचीच, आणि आता डाळही हिलाच हवी. मी पातेल्यातला उरलेला भात ताटात ओतला, वर डाळीचं भांडं उपडं केलं आणि तिच्यासमोर बसून सगळं संपवलं. पोट अर्ध्यातच भरलं होतं. शेवटचे घास पाण्याबरोबर ढकलले.