पांढऱ्या सिमेंटचे कोपरे

राजधानी झाल्यापासून रायपुरात ज्याच्या त्याच्या घरी काहीतरी बांधकाम निघालं होतं. गुढियारीतल्या शांताबाईंनीही वरच्या मजल्यावर टाईल्सचं बाथरूम करून घेतलं. मिस्त्री भैय्यालालनं फरशी जिथं भिंतीला भिडते तिथं चारही बाजूंनी काडीएवढी फट सोडली. "अम्मा, गरमी में टाईल फैलती है. इसमें नरम मसाला भरेंगे," तो म्हणाला. शांताबाईंना ते पटेना. फटीत पाणी मुरेल, झुरळं होतील. त्यांनी समोर उभं राहून तिथं पांढरं सिमेंट ठासून भरायला लावलं.

सून मोनाली दारातच होती. भंडाऱ्याला माहेरी अशीच फट बुजवल्यामुळे उन्हाळ्यात खोलीभर फरशी उठलेली तिनं पाहिली होती. पण नव्या सुनेनं सासूच्या शब्दापुढे बोलायचं कसं?

मे महिना आला. वरचा स्लॅब तव्यासारखा तापायला लागला. एका दुपारी मोनालीचा नवरा इंद्रजीत सिलतऱ्याला कारखान्यात ड्यूटीवर होता, शांताबाई अंघोळीला गेल्या होत्या, आणि मोनाली बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या घड्या करत होती. एकाएकी फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि मागोमाग धप्पकन काहीतरी पडलं.

"आई? काय झालं?"

"फरशी उठली वं. मी पडली. पाय हालून नाही राहिला."

"कडी काढता येते काय?"

फरफटण्याचा आवाज आला, कडी निघाली. मोनालीनं दार ढकललं. दोन बोटं सरकलं आणि अडकलं. दार आत उघडणारं, आणि दारामागच्या टाईल्स एकमेकींना रेटत तंबूसारख्या वर आल्या होत्या. ती खिडकीतून ओरडली, पण मोहल्ल्यात घरोघर कूलर घरघरत होते. कोणी बाहेर आलं नाही.

"मोनाली," आतून आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक. "जीव घाबरून राहिला."

जिन्याखाली सब्बल, लोखंडी पहार, होती. मोनालीनं ती आणून फटीतून आत घातली. टोकापासून सासूचं डोकं हातभरही दूर नव्हतं.

"आई, टॉवेल तोंडावर घ्या. मी टाईल फोडून राहिली."

फटीतून तिला फक्त ओला टॉवेल डोक्यावर सरकताना दिसला. तिनं सब्बल हाणली. पहिला घाव सटकला. तिचे हात घामानं निसटत होते. ते पदराला पुसून तिनं पुन्हा हाणली, आणि पोकळ झालेली टाईल तडकून खाली बसली. मग दुसरी. दार हातभर उघडलं. मोनाली आडवी होऊन आत शिरली, तुकडे पायानं सारले, सासूच्या अंगावर लुगडं टाकलं आणि काखेत धरून त्यांना बाहेर ओढलं. कपाळावर एक कपची लागून रक्त आलं होतं.

घोट्याचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात प्लास्टर झाल्यावर इंद्रजीत औषधं आणायला गेला, तेव्हा शांताबाईंनी विचारलं, "तुले माहीत होतं, नाही?"

"हो. माहेरी पाहिलं होतं."

"मंग बोलली काहून नाही?"

मोनालीनं चादर सारखी केली. "तुमी ऐकलं असतं काय, आई?"

शांताबाईंनी कपाळावरची पट्टी चाचपली.

"नसतं ऐकलं," त्या म्हणाल्या. "पण तू बोलत जाय."

आठवडाभरानं भैय्यालाल फरशी पुन्हा बसवायला आला. फरशीपाशी मोनाली उभी राहिली आणि तिनं चारही बाजूंनी फट सोडायला लावली. शांताबाई खाली पलंगावर होत्या, आणि त्यांनी वर काय चाललंय ते एकदाही विचारलं नाही.