अंगठ्याची पारख

रघुनाथरावांनी गाडीचा सायलेन्सर टांगायच्या रबराचा तुकडा अंगठ्यानं दाबला, नाकाजवळ नेऊन हुंगला आणि चोरीचा माल हाती लागल्यासारखं गुणवंता मिस्त्रीकडं पाहिलं.

"दोन प्रकारचे कायले आनले?"

"तुमीच निवडा म्हनलं," गुणवंता गाडीखालून सरपटत बाहेर आला. "हे पत्र्यात बसवलेलं, कडक. यानं सायलेन्सर जाग्यावर राहते, पन इंजिनची थरथर सारी सीटले लागते. आन् हे नरम. यानं थरथर मरते, पन तापल्यावर लोंबते का काय, थे मलेबी नाई माहीत. दोन्ही लावून सौंसर रोडनं फिरवून पाहू ना."

"फिरवून पाहू," रघुनाथराव पुटपुटले. म्हणजे गाडी याच्या ताब्यात द्यायची आणि यानं गावभर मिरवायची!

गाडी उभी होती पांढुर्ण्यातल्या त्यांच्याच शेडमध्ये, जिथं एके काळी संत्र्याच्या पेट्या भरल्या जात. जुन्या विलायती स्पोर्ट्स कारची हुबेहूब नक्कल. लाल फायबरची बॉडी नागपूरहून आणलेली, इंजिन भंगारातलं, आणि सीटा दोनच. म्हातारपणी हे काय खूळ, असं लोक म्हणत. म्हणोत बापडे.

रघुनाथरावांचा उभा जन्म संत्र्याच्या दलालीत गेला होता. पेटीत वर मोठं फळ आणि खाली बारकं, हा प्रकार त्यांनी इतका पाहिला होता, की पुजाऱ्यानं पेढा हातावर ठेवला तरी ते तो उलटा करून बघत. त्यांचा विश्वास होता तो फक्त स्वतःच्या अंगठ्यावर. याच अंगठ्याच्या भरवशावर त्यांनी एकदा भर बाजारात सख्ख्या मेव्हण्याची, लोधीखेड्याच्या रवींद्रची पेटी उलटी केली होती. खाली बारकी फळं निघाली खरी. पण ती पेटी भरली होती रघुनाथरावांच्याच मजुरांनी. हे कळेपर्यंत रवींद्र निघून गेला होता, आणि माफी मागायला रघुनाथराव कधी गेले नाहीत. त्या दिवसापासून त्यांच्या बायकोचं, सुधाबाईंचं, माहेर सुटलं.

आता रवींद्रच्या मुलीचं, सायलीचं साक्षगंध म्हणजे साखरपुडा होता. फोन त्यानं स्वतः केला होता. "भाऊजीलेबी आन, ताई," म्हणाला होता. सुधाबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं, "तुमी नाई आले तरी मी जाईन." या वाक्यानं रघुनाथराव मनातून हादरले. मग त्यांनीच तोड काढली: जायचं तर लाल गाडीतून जायचं, ताठ मानेनं. सुधाबाईंची अट एकच होती. त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालेलं. गाडी थरथरली तर बसणार नाही.

बायकोनं माहेरच्या दारात आपल्या शेजारून उतरावं, सगळ्यांनी ते पाहावं, याची त्यांना केवढी आस लागली होती! पण तसं बोलून दाखवतील तर ते रघुनाथराव कसले.

"तुही सासुरवाडी लोधीखेड्याची ना?" त्यांनी एकाएकी विचारलं.

"हो."

"रवींद्रले ओयखतं?"

"गाव केवढं हाय, मालक. सारेच ओयखते."

झालं. रघुनाथरावांच्या डोक्यात सगळा डाव उलगडला. कडक रबर गळ्यात मारायचं, गाडी थरथरवायची, सुधा बसणारच नाही, आणि तिकडं मेव्हणा हसणार. त्यांनी दोन्ही रबरं पुन्हा दाबली. नरम रबर अंगठ्याखाली पिकल्या फळासारखं दबलं.

"हेच लाव."

"मालक, थे संत्रं नाई होय. एक डाव तापवून पाहू द्या."

"मले नको शिकवू. लाव आन् चाबी दे."

गुणवंतानं रबर बसवलं आणि चावी बोनेटवर ठेवली.

साक्षगंधाच्या दिवशी गाडी अशी निघाली की पोटातलं पाणी हलेना. सुधाबाईंनी पदर कानामागं खोचला आणि त्या चक्क हसल्या. रघुनाथराव सुखावले, पण ही माहेरासाठी हसते आहे की आपल्यासाठी, हा विचार काही त्यांना सोडेना.

सौंसर मागं पडलं आणि मागून आधी जळका वास आला, मग खाडकन आवाज. सायलेन्सरची नळी डांबरावर घासत होती. तापून रबर च्युइंगमसारखं लोंबलं होतं आणि तुटलं होतं.

सुधाबाईंनी भावाला फोन लावला. रवींद्र पिकअप घेऊन आला. अंगावर नवा कोरा पांढरा सदरा, तरी पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला. तारेनं बांधायची खटपट केली, हात भाजून घेतला. रघुनाथराव वाकून त्याच्या हातांकडं टक लावून बघत होते. हा काही काढून तर घेत नाही ना?

"इथं नाई जमत, भाऊजी," रवींद्र बाहेर येऊन म्हणाला. सदरा काळा झाला होता. "गाडी कडेले राहू द्या. चला, पाहुने येऊन राहिले."

"आन् गाडी कोनी नेली तं?"

"कोन नेते हो?"

"वाहता रस्ता हाय. तुमी व्हा पुढं, मी येतो मागून."

रवींद्रनं बहिणीकडं पाहिलं आणि पिकअपमध्ये जाऊन बसला. सुधाबाई दार उघडं धरून उभ्या राहिल्या.

"अहो, चला ना. नुसते दारात उभे राहिले तरी मले पुरे हाय."

रघुनाथरावांचे पाय खरोखर उचलले गेले होते. पण गाडी सोडून आपल्याला तिकडं नेण्याची या बहीण-भावांना एवढी घाई का, हे त्यांना कळेना.

"येतो म्हनलं ना."

सुधाबाईंनी पदर आत ओढून घेतला आणि दार लावलं.

पिकअप वळणाआड गेली. थोड्या वेळानं एक सायकलवाला थांबला. "काई मदत पायजे का, काका?"

"काई नाई. जाय तू," रघुनाथराव त्याला आपादमस्तक न्याहाळत म्हणाले. तो दिसेनासा होईपर्यंत ते उभे राहिले आणि मग गाडीत जाऊन बसले. गाडीला ना छप्पर होतं ना खिडक्यांना काचा. तरी त्यांनी दोन्ही दारांच्या कड्या आतून लावून घेतल्या आणि शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून ते बसून राहिले.