हिरव्या काट्याचं घड्याळ

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये लछूशेठच्या दुकानात पायलट घड्याळं घ्यायला जी माणसं येत, त्यांतल्या एकानेही कधी विमान चालवलेलं नव्हतं. विकणाऱ्या सनीनेही नव्हतं. फरक इतकाच, की गिऱ्हाइकांना त्याचं काही वाटत नसे आणि सनीचा मात्र रोज जीव जळे.

तरी सांगायचा तो मन लावून. डायल काळी आणि आकडे मोठे पांढरे, कारण पायलटला अंधारातसुद्धा एका नजरेत वेळ कळायला हवी. चावी एवढी जाडजूड, कारण जुन्या काळी उघड्या विमानात थंडीने बोटं गोठायची, तेव्हा हातमोजा न काढता ती फिरवता यावी. कडेच्या फिरत्या रिंगवरचे बारीक आकडे म्हणजे हिशेबाची पट्टी. किती वेगाने गेलं तर किती इंधन पुरेल ते त्यावर काढत. आणि हा जो टोकाला रंगवलेला चौथा काटा आहे, तो सगळ्या जगातल्या विमानवाल्यांची मिळून जी एक वेळ असते, ती दाखवतो. एवढं सगळं ऐकून घेतल्यावर बदलापूरचा एखादा रेतीचा ठेकेदार मनगट पुढे करून विचारी, "आंघोळ करताना चालेल ना?" गाढवापुढे वाचली गीता! सनी हसून चालेल म्हणे आणि बिल करायला घेई.

लछूशेठ भलताच खूश होता. "साईं, तू घड़ी नहीं, विमान बेचता है," असं तो येणाऱ्याजाणाऱ्यासमोर सनीला म्हणे. आपण म्हटलं ते या पोराला किती लागतं, याची त्याला कल्पना असायचं कारण नव्हतं.

कारण सनी खरोखरच पायलट होणार होता. मोरिवली गावातून तसा विचार करणारा तो पहिलाच. परीक्षा पास झाला, मुलाखत झाली, आणि गाडी अडली ती डॉक्टरांपाशी. रंगीत ठिपक्यांच्या चित्रात लपलेला आकडा ओळखायचा होता. सनीला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा हे दोन रंग त्याला सारखेच दिसतात, हे त्याला स्वतःलाही तोवर धड ठाऊक नव्हतं. सिग्नलचा वरचा दिवा थांबायचा आणि खालचा जायचा, पिकलेला टोमॅटो बोटाला मऊ लागतो, असं काही ना काही धरून त्याचं सगळं आजवर निभावलं होतं. डॉक्टरांपुढे ते निभावलं नाही. पोराला वाईट वाटलं, फार वाटलं, पण त्याने ते गिळलं.

गिळलं नाही ते त्याच्या बापाने. आनंदा अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होता, स्वभावाने सरळ, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही. डॉक्टर चुकला, पोरगं घाबरलं, हेच त्याचं म्हणणं. त्याने सनीला त्रिफळ्याच्या पाण्याने डोळे धुवायला लावले, गाजरं खायला घातली, दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. तोही तेच बोलला, तर तोही चुकला. गावात मात्र आनंदाने कुणाला काही कळू दिलं नाही. ट्रेनिंग चालू हाय, एवढंच सांगत राहिला. सनीने वैतागून कितीदा म्हटलं की खरं सांगून मोकळे व्हा. आनंदा म्हणे, गणपती होऊ दे, मग म्हणे, दिवाळी होऊ दे. सनीने घड्याळाच्या दुकानात नोकरी धरली, तर कसलं दुकान हेसुद्धा त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर ते खरं झालं असतं.

इकडे गाव सनीला 'पायलट' म्हणू लागलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! पानाच्या गादीवर कुणी हाक मारली की त्याला तोंड लपवावंसं वाटे. बापाला खोटं पाडायचं नाही आणि आपण खोटं बोलायचं नाही, या दोन्हींत तो भरडून निघत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

आणि आता गावदेवीच्या पालखीच्या दिवशी सनीचा सत्कार करायचं उत्सव मंडळाने ठरवलं. शाल, श्रीफळ आणि मनगटी घड्याळ, ही मोरिवलीची पद्धत. कुणी पोलिसात भरती झालं, कुणी वकील झालं, की मंडळाकडून घड्याळ मिळायचं आणि ते घालून त्याने देवीच्या पालखीला खांदा द्यायचा. पायलटला साधं घड्याळ कसं द्यायचं? पायलटचंच हवं. मंडळाचे अध्यक्ष कैलासकाका चौकशी करत निघाले आणि तसली घड्याळं कॅम्प दोनला लछूशेठकडे मिळतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं.

त्या दिवशी शेठ घरी जेवायला गेला होता. दुपारच्या उन्हातून कैलासकाका आत शिरले, त्यांच्या मागून सनीची आत्या बनूबाई आणि सगळ्यांत शेवटी, पोराच्या मापाचं मनगट म्हणून आणलेला, आनंदा. काउंटरमागे गळ्यात दुकानाचं ओळखपत्र घालून उभा असलेला सनी पाहून कैलासकाकांचं तोंड उघडंच राहिलं. आनंदाचं तर रक्तच आटलं.

संपलं एकदाचं, असं सनीला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटलं. पण आनंदा कसला ऐकतोय! ट्रेनिंगला खर्च होतो ना, म्हणून पोरगं मधल्या वेळेत इथं काम करतं, असं त्याने ठोकून दिलं. कैलासकाका असे काही गहिवरले की विचारू नका. कष्ट करून शिकणारा पोरगा, हे भाषणात घालतो म्हणाले. म्हणजे खोटं उघडं पडायच्या ऐवजी आणखी देखणं झालं. सनीने बोलायला तोंड उघडलं तर आनंदाने डोळे वटारले.

शेवटी सनीने पायलट घड्याळं काढली. त्यांतली दोन बनूबाईने बाजूला ठेवून घेतली. दोन्ही हुबेहूब सारखी, फक्त चौथ्या काट्याचं टोक एकाचं लाल आणि एकाचं हिरवं. सनी ती पट्ट्याला बांधलेल्या चिठ्ठीवरून ओळखायचा. पण बनूबाईला घड्याळ भावाच्या मनगटावर बांधून बघायचं होतं आणि चिठ्ठी मध्ये येत होती, म्हणून तिने दोन्ही चिठ्ठ्या ओढून तोडल्या. सनी नको म्हणेपर्यंत त्या खाली पडल्यासुद्धा. मग जुन्या सवयीने एकाला चावी द्यायला गेली, तर चावी बाहेर आली आणि सेकंदाचा काटा जागच्या जागी थांबला. बिघडलं की काय म्हणून ती घाबरली. सनीने समजावलं की ते मुद्दामच तसं केलेलं असतं. उड्डाणाआधी सगळे पायलट असेच काटे थांबवतात आणि एकदम चालू करतात, म्हणजे सगळ्यांची वेळ सारखी होते. कैलासकाकांनी ऐकलंत का, बघा केवढं ज्ञान, अशा अर्थाने मान डोलावली. सनीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

आत्याने ठरवून टाकलं. लाल काटा नको, लाल म्हणजे थांब, अन् देवीचा चुडा हिरवा, तर हिरवाच दे. दोन्ही घड्याळं काचेवर पडली होती. सनीने त्यांतलं एक उचललं, डबीत ठेवलं आणि डबी पुढे सरकवली.

"अरं, हिरवा बोलली मी," बनूबाई म्हणाली. "हा तं लाल हाय."

कैलासकाका खो खो हसले. पायलटला लाल-हिरवा कळत नाही म्हणजे विमानातल्या लोकांचं काही खरं नाही, असं ते गमतीने बोलून गेले. त्या गमतीवर सनी नुसता हसला असता, तर सगळं मागच्यासारखं झाकून गेलं असतं. इतके महिने तो तेच करत आला होता. पण आता त्याला त्याचा वीट आला होता.

"नाही कळत, काका," तो म्हणाला. "म्हणूनच मला घेतलं नाही. ट्रेनिंग वगैरे काही नाहीये. मी इथे घड्याळं विकतो."

कैलासकाकांचं हसू ओठांवरच राहिलं. त्यांनी आनंदाकडे पाहिलं. आनंदाने डबीतलं घड्याळ काढलं, काचेवरचं दुसरं उचललं, दोन्ही हात पाठीमागे नेले आणि अदलाबदल करून पोरासमोर धरले.

"घाबरतं ते पोरगं, दुसरं काय नाय," तो म्हणाला. "नीट बग, सनी. हिरवा कोनता?"

सनीने पाहिलं. दोन्ही टोकं मातकट होती. पण उजव्या हातातल्या घड्याळाची चावी अजून ओढलेलीच होती आणि त्याचा सेकंदाचा काटा थांबलेला होता. डबीतलं लाल तर चालू होतं, म्हणजे थांबलेलं ते हिरवं. त्याने विचार करायच्या आतच बोट तिकडे गेलं. जन्मभराची सवय ती, रंग सोडून दुसरं काहीतरी धरून बरोबर उत्तर द्यायची.

"बगा!" आनंदा ओरडला. त्याचा चेहरा असा काही फुलला, की सनीने गेल्या वर्षभरात तो तसा पाहिला नव्हता. डॉक्टर खुळे, पोरगं शंभर टक्के, आता दुसऱ्या मोठ्या डॉक्टरकडे नेतो, असं तो एका दमात बोलला. कैलासकाकांचाही जीव भांड्यात पडला. ते बॅनरवाल्याला फोन लावायला खिशात हात घालू लागले. आणि सनीच्या लक्षात आलं, की आपण एका बोटाने बापाला पुन्हा तिथेच नेऊन ठेवलं आहे, नवा डॉक्टर, नवं औषध, नवी दिवाळी. याला अंत नव्हता. बापाचा राग नाही आला त्याला, स्वतःचाच आला. आपलं असं निभावून नेणंच बाप खरं मानून बसला आहे, तर त्यात बापाचा काय दोष?

"बाबा, परत विचारा," तो म्हणाला.

आनंदाने खुशीत हात मागे नेले आणि पुढे आणले. थांबलेला काटा आता डाव्या हातात होता, अगदी स्वच्छ दिसत होता. सनीने उजव्या हातातल्या घड्याळावर बोट ठेवलं.

"हा हिरवा," तो म्हणाला.

आनंदा थबकला. घाईत बोललास म्हणाला, परत बघ. पुन्हा हात मागे, पुन्हा पुढे. सनीने पुन्हा चालणाऱ्या काट्यावर बोट ठेवलं. तिसऱ्यांदा आनंदाचे हात मागे जायला निघाले, तेव्हा बनूबाईने त्याचा दंड धरला.

"आनंदा, पुरे," ती हळूच म्हणाली.

कैलासकाका फोन हातात धरून दाराशी जाऊन उभे राहिले. आनंदाने दोन्ही घड्याळं काचेवर ठेवली आणि पोराच्या तोंडाकडे बघितलं. डॉक्टरांना त्याने खूप प्रश्न विचारले होते, पण पोराला एकही विचारला नव्हता.

"तुला खरंच नाय दिसत?"

"नाही दिसत, बाबा."

"मंग काय दिसतं?"

"मातीसारखं. दोन्ही तसंच."

मोरिवलीत कारखान्यांच्या भिंतींना लागून आनंदाच्या भातशेतीचा एक तुकडा अजून शिल्लक होता. रोज सुट्टी झाली की तो आधी तिकडे जायचा, मग घरी. सनी लहान असताना त्याला खांद्यावर घेऊन बांधावर उभा राहायचा आणि म्हणायचा, बग कसं हिरवंगार झालंय. पोरगं मान हलवायचं.

"आनि आपलं भात?" त्याने विचारलं. "श्रावनातलं?"

"तेही तसंच, बाबा."

आनंदा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर मटकन बसला. पोराचं पायलट होणं हुकलं त्या दिवशी तो रडला नव्हता, डॉक्टरशी भांडला होता. आता दोन्ही हातांत तोंड घालून तो भर दुकानात रडू लागला, आणि सनी काउंटरला वळसा घालून त्याच्याजवळ येऊन बसला.